धनुष्याच्या भुजा : बांबू, काच आणि खोपोलीचा पाऊस

धनुष्य हे माणसाच्या स्नायूंची ऊर्जा सावकाश साठवून घेणारे आणि ती एका क्षणात बाणाच्या स्वाधीन करणारे साधन आहे. खोपोलीच्या रहिवाशाला या व्याख्येसाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही, कारण बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या तेथील जलविद्युत केंद्रात १९१५ सालापासून हेच तत्त्व राबते आहे : पावसाचे पाणी लोणावळ्याच्या माथ्यावरील तलावांत साठवले जाते, ५०० मीटरहून अधिक उंचीवरून नळांवाटे खाली सोडले जाते आणि त्याच्या जोराने जनित्रे फिरतात. धनुष्यात तलावाचे काम मुठीच्या वर-खाली असलेल्या दोन वाकणाऱ्या पात्या करतात. त्यांना भुजा म्हणतात. दोरी ओढताना भुजा वाकतात व ऊर्जा साठते, दोरी सोडताच त्या सरळ होऊ पाहतात व साठा बाणाकडे वाहतो. नळांत जसे थोडे नुकसान अटळ असते, तसेच येथेही असते, कारण बाणाबरोबर भुजांची टोके आणि दोरी यांनाही वेग द्यावा लागतो आणि तो वेग बाणाच्या उपयोगी पडत नाही.

हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. दोरी २८ इंच ओढली असता हाताला जाणवणाऱ्या बलाला धनुष्याची ओढ म्हणतात आणि ती जगभर पौंडांत मोजण्याची प्रथा आहे. ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो ओढीच्या चांगल्या रिकर्व्ह, म्हणजे टोके उलट वळलेल्या, धनुष्यात साधारणपणे ५० ज्यूल ऊर्जा साठते. त्यातून सुटलेला २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ५५ मीटर वेगाने निघाला, तर त्याच्याजवळ ३९ ज्यूल ऊर्जा असते. म्हणजेच साठ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा भुजांच्या व दोरीच्या हालचालीत, कंपनांत आणि आवाजात खर्च होतो. हा हिस्सा कमी करणे हा भुजांचे द्रव्य निवडण्यामागचा एक हेतू असतो. हजारो वेळा वाकूनही भुजा न तुटणे, न पिळवटणे आणि आपला मूळ आकार न सोडणे हा दुसरा हेतू असतो, आणि खोपोलीजवळच्या कर्जत-खालापूरसारख्या पावसाळी प्रदेशात तो पहिल्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक महत्त्वाचा ठरतो.

वाकणाऱ्या पट्टीच्या आत काय घडते

कोणतीही पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. धनुष्याच्या बाबतीत लक्ष्याकडे असलेल्या बाजूला पाठ आणि धनुर्धराकडे असलेल्या बाजूला पोट म्हणतात, म्हणून पाठीवर ताण येतो व पोटावर दाब येतो. या दोहोंच्या मध्ये एक पातळी अशी असते, की जेथे ताणही नसतो आणि दाबही नसतो. तेथे केवळ वरचा थर खालच्या थरावरून घसरू पाहत असतो आणि मधल्या द्रव्याला ही घसर थोपवून धरावी लागते. पृष्ठभागावरचे द्रव्य सर्वाधिक राबते व मधले सर्वात कमी, हे एक सूत्र ध्यानात ठेवले की भुजांच्या रचनेचा सारा इतिहास उलगडत जातो.

दुसरे सूत्र जाडीचे आहे. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. जाडी अवघी दहा टक्के वाढली तरी ताठपणा तेहतीस टक्क्यांनी वाढतो. त्यामुळेच धनुष्य घडवणारा कारागीर केसाएवढ्या जाडीला जपतो आणि भुजा टोकाकडे हळूहळू पातळ करत नेतो. थरांच्या धनुष्यात हा उतार बहुधा एका मीटरमागे दोन मिलिमीटरच्या आसपास असतो.

पृष्ठभाग किती टक्के ताणला जातो हे जाडी आणि वाकाची त्रिज्या यांवर अवलंबून असते. आठ मिलिमीटर जाडीची भुजा अर्धा मीटर त्रिज्येच्या कमानीत वाकली, तर तिचा पृष्ठभाग ०.८ टक्का ताणला किंवा दाबला जातो. बहुतेक लाकडे एक टक्क्याच्या आसपास हात टेकतात, आणि दाबाखाली तर ती त्याहून आधी दगा देतात : तंतू चेपले जातात आणि धनुष्य उतरवल्यावरही वाकलेलेच राहते. या कायमच्या वाकामुळे धनुष्याची ओढ व वेग दोन्ही घटतात. एकसंध लाकडाची धनुष्ये माणसाच्या उंचीएवढी लांब असतात ती म्हणूनच, कारण लांब भुजेला तेवढ्याच ओढीसाठी कमी वाकावे लागते.

रिकर्व्ह धनुष्य ही अडचण अधिक तीव्र करते. या धनुष्याची टोके लक्ष्याच्या दिशेने उलट वळलेली असतात. दोरी चढवलेल्या स्थितीत ती या वळणावर टेकून बसते व भुजा जणू आखूड होते. ओढत जाताना दोरी वळणावरून सुटते आणि टोके तरफेसारखी काम करू लागतात. परिणामी ओढीच्या सुरुवातीलाच बल चांगले चढते, शेवटी ते एकदम असह्य होत नाही, आणि त्याच अंतिम ओढीत सरळ धनुष्यापेक्षा जास्त ऊर्जा साठते. याची किंमत द्रव्याला मोजावी लागते. पारंपरिक घाटाचे रिकर्व्ह बहुधा ५८ ते ६२ इंच, म्हणजे दीड मीटरच्या आसपास असते. एवढ्या आखूड भुजेला तीव्र वाकावे लागते, आणि उलट वळलेले टोक दोरीच्या किंचित तिरक्या ओढीनेही पिळले जाऊ शकते. म्हणून रिकर्व्हच्या भुजेसाठी द्रव्य निवडताना ताण, दाब, घसर आणि पीळ या चारही मागण्यांचा एकत्र विचार करावा लागतो.

कामठा आणि कामठी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील डोंगरउतारांवर ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून ज्यांना हे नाव मिळाले, त्या कातकऱ्यांची गणना शासनाने महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला स्थान उरलेले नाही, परंतु तीरकामठा हा शब्द मराठीत टिकून आहे आणि त्यात द्रव्याची आठवण साठलेली आहे : कामठा म्हणजे धनुष्य, आणि कामठी म्हणजे बांबू चिरून काढलेली पट्टी. या प्रदेशात धनुष्य म्हटले की बांबू असे भाषेनेच मानले, आणि पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर हा निर्णय अचूक ठरतो.

बांबू हे निसर्गाने घडवलेले संमिश्र द्रव्य आहे. त्याच्या भिंतीत ताणाला दाद न देणारे चिवट तंतू मऊ पेशींच्या पिठात रोवलेले असतात, आणि हे तंतू सर्वत्र सारखे नसतात : सालीलगत ते दाटीवाटीने असतात आणि आतल्या पोकळीकडे जाताना विरळ होतात. वाकणाऱ्या पट्टीत पृष्ठभागाचे द्रव्य सर्वाधिक राबते हे वर पाहिले. बांबूनेही आपले सर्वोत्तम तंतू पृष्ठभागाशीच ठेवले आहेत, कारण वादळात वाकण्याची त्याची गरज आणि धनुष्याच्या भुजेची गरज एकच आहे. म्हणून बांबूची साल धनुष्याच्या पाठीवर ठेवून आतला मऊ भाग तासला, की ताणासाठी उत्तम पृष्ठभाग आयताच मिळतो. सालीला एकदा खोल ओरखडा पडला तर मात्र तंतू तुटतात आणि भेग तेथूनच सुरू होते, त्यामुळे पाठीची बाजू तासायची नाही हा बांबूच्या धनुष्याचा पहिला नियम आहे.

सर्व बांबू एकसारखे नसतात. काटेरी बेटांचा कळक उंच व जाड असला तरी आतून पोकळ असतो; मानवेल किंवा नरवेळू या नावांनी ओळखला जाणारा बांबू जवळजवळ भरीव असतो; दक्षिण कोकणात बांधावर लावला जाणारा माणगा बिनकाट्याचा, सरळ आणि जाड भिंतीचा असतो. धनुष्याच्या भुजेला जाड भिंतीचा, लांब पेरांचा आणि किमान तीन-चार वर्षे वयाचा बांबू लागतो, कारण कोवळ्या बांबूत तंतू पुरेसे पक्के झालेले नसतात. बेटातील कोणता बांबू जून झाला आहे हे सालीचा रंग, तिच्यावरची भुकटी आणि कोयत्याने टिचकी मारल्यावर येणारा आवाज यांवरून ओळखण्याची कला वाड्यांवरील जाणत्यांकडे आणि बुरूड कारागिरांकडे असते. तोडीचा हंगामही तितकाच महत्त्वाचा असतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढवण्यासाठी बांबूत रसाची धावपळ चालू असते. पाऊस सरल्यावर, थंडीच्या महिन्यांत, तोडलेला बांबू कीड लागण्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असतो. बांबू पोखरणारे भुंगेरे त्यातील पिठूळ द्रव्यावर, म्हणजे स्टार्चवर जगतात. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या प्रथेमागचे कारण हेच आहे : पाण्यात हे द्रव्य धुऊन जाते आणि किडीचे अन्नच नाहीसे होते. आता त्याच कामासाठी बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे द्रावणही वापरतात.

बांबूच्या जोडीला सह्याद्रीच्या पानझडी जंगलातील धामण या वृक्षाचे नाव घेतले पाहिजे. लवचीक व चिवट म्हणून त्याचे लाकूड औजारांचे दांडे, कावडी आणि धनुष्ये यांसाठी वापरले गेले आहे. संस्कृत ग्रंथांत हा वृक्ष धन्वन या नावाने येतो, आणि धनुष्यवाचक शब्दाशी असलेले त्याचे साम्य लक्ष वेधून घेते. ताणाखाली बांबू श्रेष्ठ असला तरी त्याचा आतला भाग दाबाला कमी पडतो, म्हणून पाठीला बांबू आणि पोटाला दाब सोसणारे घट्ट लाकूड अशी जोडणी करणे हे धनुष्याच्या विकासातील स्वाभाविक पुढचे पाऊल ठरले.

शिंग, स्नायू आणि दमट हवा

जोडणीचा हा विचार आशियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशांत सर्वात पुढे गेला. तेथील संमिश्र धनुष्यात मधे लाकडाचा पातळ गाभा, पोटावर म्हशीच्या किंवा तत्सम प्राण्याच्या शिंगाच्या पट्ट्या आणि पाठीवर जनावराच्या स्नायुबंधांचे, म्हणजे मांसपेशी हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरांचे, तंतू सरसाने चिकटवलेले असत. शिंग लाकडापेक्षा कितीतरी अधिक दाब सोसते, स्नायुतंतू कितीतरी अधिक ताण सोसतात, आणि दोन्ही द्रव्ये वजनाच्या मानाने लाकडापेक्षा जास्त ऊर्जा साठवतात. त्यामुळे धनुष्य आखूड, तीव्र वळणाचे आणि तरीही न तुटणारे करता आले. रिकर्व्ह हा आकार खऱ्या अर्थाने या द्रव्यांमुळे शक्य झाला.

भारताला ही विद्या फार पूर्वीपासून परिचित होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याच्या चार द्रव्यांची नोंद आहे : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग, आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू व स्नायू यांसारख्या द्रव्यांची वेगळी यादी आहे. विष्णूच्या धनुष्याचे शार्ङ्ग हे नाव शृंग, म्हणजे शिंग या शब्दावरून येते, आणि सारंगधर व सारंगपाणी ही मराठी घराघरांतील नावे त्याच शब्दाची रूपे आहेत. पुढे मोगल काळात मध्य आशियाई पद्धतीचे संमिश्र धनुष्य उत्तर भारतात प्रतिष्ठेचे शस्त्र बनले.

तरीही हे धनुष्य कोकणच्या पायथ्याशी सुखाने नांदण्यासारखे नव्हते, आणि त्याचे कारण सरसात आहे. कातडी, हाडे किंवा माशांचे वाताशय उकळून केलेला सरस कोरड्या हवेत अत्यंत मजबूत असतो, पण ओलावा शोषून तो मऊ पडतो, आणि दीर्घकाळ ओल राहिली तर थर सुटू लागतात. भारतात पोलादी धनुष्येही घडवली गेली, याचे एक कारण हेच सांगितले जाते की शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी त्यांना दमट हवेची वा किडीची भीती नव्हती. वस्तुतः पोलाद वजनाच्या मानाने शिंग-स्नायूंपेक्षा फारच कमी ऊर्जा साठवते आणि त्याच्या जड भुजा बाणाच्या वाट्याची ऊर्जा स्वतःच खातात. कोरियात बांबूचा गाभा व म्हशीचे शिंग असलेले पारंपरिक धनुष्य आजही वापरात आहे, आणि ते कोरडे राहावे म्हणून उबदार पेटीत ठेवण्याची काळजी तेथे घेतली जाते. पावसाळी जपानने वेगळी वाट धरली : तेथील दोन मीटरहून लांब धनुष्य बांबू व लाकूड यांच्या थरांचे असते, त्यात शिंग वा स्नायू नसतात, आणि जुन्या काळी त्यावर वेताचे वेढे व लाखेचे लेप देऊन ओलावा रोखला जाई. द्रव्याचा भूगोल असा स्पष्ट दिसतो : कोरड्या प्रदेशात शिंग, ओल्या प्रदेशात बांबू.

काचेचे कवच

विसाव्या शतकाच्या मध्यास फायबरग्लास आले आणि या भूगोलाची सक्ती बरीच सैल झाली. काचेचे बारीक तंतू एकाच दिशेने, भुजेच्या लांबीला समांतर मांडून ते राळेत गोठवले की जी पातळ पट्टी तयार होते, ती ताण आणि दाब दोन्ही सोसते, लाकडाच्या दुपटीहून अधिक ताणली तरी तुटत नाही आणि पाण्याने फुगत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रेड बेअर व इतर धनुष्यनिर्मात्यांनी पाठ आणि पोट दोन्हीकडे अशा पट्ट्या लावलेली रिकर्व्ह धनुष्ये रूढ केली. शिंग आणि स्नायू ही दोन वेगळी द्रव्ये जे काम करत होती ते आता एकच द्रव्य करू लागले आणि सरसाची जागा इपॉक्सी राळेने घेतली.

अशा भुजेत गाभ्याचा वाटा किती, याचा हिशेब उद्बोधक आहे. भुजेची एकूण जाडी आठ मिलिमीटर, त्यात बाहेर दोन्हीकडे एकेक मिलिमीटर काचतंतूंची पट्टी आणि मधे सहा मिलिमीटर लाकूड किंवा बांबू अशी रचना धरावी. काचपट्टीचा ताठपणा, म्हणजे ताणाला विरोध करण्याचे मान, सुमारे ४० गिगापास्कल आणि लाकडी गाभ्याचे सुमारे १२ गिगापास्कल धरले, तर वाकण्याला होणाऱ्या एकूण विरोधापैकी सुमारे चार-पंचमांश विरोध त्या दोन पातळ पट्ट्यांतून येतो आणि गाभ्याचा वाटा केवळ एक-पंचमांश राहतो. गाभ्यासाठी १५ गिगापास्कलचे अधिक ताठ द्रव्य वापरले, तरी साऱ्या भुजेचा ताठपणा चार-पाच टक्क्यांनीच वाढतो. वजनात मात्र दोघांचा वाटा जवळपास सारखा असतो, कारण काचपट्टी गाभ्याच्या सुमारे तिप्पट घन असते.

या हिशेबाचा निष्कर्ष असा, की अमुक परदेशी लाकडाच्या गाभ्याने बाण विलक्षण वेगाने जातो हा समज फारसा टिकत नाही. गाभ्याकडून अपेक्षा वेगळ्या असतात : तो हलका असावा, काचेच्या दोन पट्ट्यांना एकमेकींपासून दूर धरून ठेवावा, थरांमधील घसर सोसावी, सर्वत्र एकसारखा असावा आणि राळेला घट्ट धरावा. उत्तर अमेरिकेतील मॅपल या कसोट्यांना उतरते म्हणून ते प्रमाण मानले गेले; परंतु बांबूही त्याच कसोट्यांना उतरतो, आणि हॉवर्ड हिल या प्रसिद्ध अमेरिकी धनुर्धराची बांबूच्या थरांची धनुष्ये त्याची साक्ष देतात. बांबूच्या पट्ट्या आडव्या ठेवण्याऐवजी अरुंद कामट्या उभ्या करून एकमेकींना चिकटवल्या, तर गाठी विखुरल्या जातात आणि गाभा एकसारखा होतो.

कार्बन तंतू हा या मालिकेतील पुढचा टप्पा आहे. कार्बनची एकदिश पट्टी काचपट्टीच्या सुमारे तिप्पट ताठ असते आणि वजनाने तिच्याहून हलकी असते. वरच्याच उदाहरणात एकूण जाडी तीच ठेवून काचेच्या एक मिलिमीटरऐवजी कार्बनचे अवघे ०.३ मिलिमीटर पुरून उरते आणि भुजेचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटते. कार्बनचे तंतू भुजेच्या अक्षाशी ४५ अंशांचा कोन करून विणले, तर ते पीळही रोखतात, आणि रिकर्व्हच्या वळणदार टोकाला हा मोठा आधार असतो. परंतु कार्बन काचेइतका ताणला जात नाही, दाबाखाली तर तो आणखी लवकर मोडतो, आणि त्याचे मोडणे अचानक असते. हाताने घडवलेल्या, तीव्र वाकाच्या धनुष्यात म्हणून तो पृष्ठभागावर एकटा वापरण्याऐवजी काचेच्या आत पातळ थर म्हणून वापरणे अधिक सुरक्षित ठरते. ऑलिम्पिक स्पर्धेच्या धनुष्यांत कार्बनच्या जोडीला लाकडाऐवजी कृत्रिम फेसाचा गाभाही वापरतात, कारण तो हवेतील ओलाव्याने बदलत नाही आणि सत्तर मीटरवरील लक्ष्यासाठी प्रत्येक बाण सारखाच सुटणे आवश्यक असते. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधव यांनी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्ह प्रकारात भारताचे प्रतिनिधित्व केले आणि साताऱ्याच्या पार्थ साळुंखे यांनी २०२३ मध्ये त्याच प्रकारात जागतिक युवा विजेतेपद मिळवले. त्या पातळीवर भुजेच्या वर्तनातील अल्पसा फरकही गुणफलकावर उमटतो. छंदासाठी किंवा परंपरेच्या ओढीने घडवून घेतलेल्या धनुष्याची गरज तेवढी कठोर नसते.

पावसाचा हिशेब

बोरघाटाच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर या काळात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लाकूड आणि बांबू हवेशी सतत ओलाव्याची देवाणघेवाण करत असतात आणि हवेच्या दमटपणानुसार त्यांच्यातील पाण्याचे प्रमाण एका पातळीवर स्थिरावते. उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारींत ही पातळी सात-आठ टक्क्यांवर असते, तर श्रावणातल्या सततच्या दमट हवेत ती अठरा टक्क्यांच्या आसपास जाते. ओले लाकूड मऊ होते, दाबाखाली लवकर चेपते आणि त्याला कायमचा वाक बसतो. उलट फार सुकलेले लाकूड ठिसूळ होते. धनुष्यासाठी आठ ते दहा टक्के ओलावा योग्य मानला जातो, आणि खोपोलीत निसर्गतः ती स्थिती वर्षाचे काही महिनेच मिळते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, आचेवर वाकवून उलट वळण दिलेल्या एकसंध बांबूचे रिकर्व्ह येथे फार काळ आपला आकार राखणार नाही. उष्णतेने बांबूतील तंतूंना बांधणारे द्रव्य मऊ होते आणि थंड होताना नवा आकार पकडते, पण ओल आणि ताण मिळून तो आकार पुन्हा सैल करतात. थर साच्यावर दाबून चिकटवलेल्या भुजेत वळण राळेच्या प्रत्येक सांध्याने धरून ठेवलेले असते, म्हणून ते टिकते. दुसरी, काचेच्या दोन पट्ट्या गाभ्याला वरखाली झाकत असल्या तरी भुजेच्या कडा उघड्या असतात, आणि ओलावा तेथूनच शिरतो. म्हणून कडांना राळेचे किंवा रोगणाचे अनेक पातळ हात देणे हे शोभेपुरते काम समजू नये.

ओलावा मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. बांबूचा लहान तुकडा तोलावा, शंभर अंशांहून थोड्या अधिक तापमानाच्या भट्टीत वजन घटणे थांबेपर्यंत सुकवावा आणि पुन्हा तोलावा. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर स्थिरावला, तर मूळ ओलावा १२ टक्के होता असे समजावे. थंडीत तोडलेला, चिरून सावलीत रचलेला बांबू फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत योग्य पातळीला येतो आणि थर चिकटवण्याचे काम याच महिन्यांत उरकणे इष्ट असते. पावसाळ्यात चिकटवलेला ओला गाभा काचेच्या कवचात पाणी कोंडून ठेवतो, आणि ते पाणी पुढे सांध्यावर येते.

उन्हाचीही दखल घ्यावी लागते. साध्या तापमानाला गोठवलेली इपॉक्सी राळ ६०-७० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद मोटारीच्या आतले तापमान तेथपर्यंत जाऊ शकते. उष्णता देऊन पक्की केलेली राळ अधिक तापमान सोसते. धनुष्य घडवून घेताना राळ कोणत्या तापमानाला गोठवली हे विचारून घेणे म्हणूनच लाकडाच्या नावाइतके महत्त्वाचे आहे.

निवड

वरील सर्व विचार एकत्र केला, तर खोपोली परिसरातील धनुर्धरासाठी मागणीनुसार घडवायच्या पारंपरिक रिकर्व्हची रूपरेषा बरीच स्पष्ट होते. गाभ्यासाठी उभ्या कामट्या चिकटवून केलेला जून बांबू घ्यावा. पाठ आणि पोट दोन्हीकडे एकदिश काचतंतूंच्या पट्ट्या असाव्यात. बांबूचे किंवा स्थानिक लाकडाचे रूप दिसावे असे वाटत असेल, तर काच पारदर्शक घेऊन तिच्याखाली सुंदर रेषांचा अगदी पातळ थर द्यावा. धनुर्धराची ओढ लांब असेल, किंवा टोकाचे वळण तीव्र हवे असेल, तर काचेखाली तिरक्या विणीचा कार्बनचा एक थर पीळ रोखण्यासाठी घालण्यास हरकत नाही. मात्र मध्यम ओढीच्या, सौम्य वळणाच्या धनुष्यात त्याचा लाभ खर्चाच्या मानाने थोडा असतो. वजन कमी करायचे असेल, तर ते टोकाकडे करावे, कारण सर्वाधिक वेगाने फिरणारा भाग तोच असतो. तेथे वाचलेला एक ग्रॅम मुठीजवळ वाचवलेल्या कित्येक ग्रॅमच्या तोलाचा असतो. न ताणल्या जाणाऱ्या आधुनिक दोऱ्या वापरायच्या असतील, तर टोकांना शिंगाची किंवा कठीण थराची मजबुती द्यावी, नाहीतर दोरी खाचेत शिरून भुजा चिरते. मुठीला वाकण्याची गरज नसते, तेथे वजनच स्थैर्य देते, म्हणून शिसवासारखे घट्ट लाकूड तेथे शोभते.

ओढीचा निर्णय द्रव्याच्या निर्णयाआधी झालेला बरा. नवशिक्या प्रौढाने तीस पौंडांच्या आसपास सुरुवात करावी, कारण जड धनुष्य खांद्याला दुखवते आणि चुकीची ढब अंगी लावते. आणि कोणत्याही द्रव्याची भुजा असली तरी बाण न लावता दोरी सोडू नये, कारण मग बाणाकडे जायची सारी ऊर्जा परत भुजांतच आदळते.

या रूपरेषेतील सर्वात महत्त्वाचे द्रव्य बाजारातून येत नाही. काच आणि राळ कारखान्यात घडतात व त्यांचा दर्जा तेथे तपासला जातो, पण गाभ्याचा दर्जा बेटातच ठरतो : कोणता बांबू, किती वर्षांचा, कोणत्या महिन्यात तोडलेला, किती दिवस पाण्यात ठेवलेला. २०१७ साली भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे वनक्षेत्राबाहेर, शेताच्या बांधावर लावलेला बांबू तोडणे आणि नेणे सुलभ झाले आहे, आणि खालापूर-कर्जतच्या शेतकऱ्यांना व वाड्यांवरील कारागिरांना चांगल्या प्रतीचा बांबू निवडून, सुकवून पुरवण्याचे काम आपल्या हाती घेता येण्यासारखे आहे. कामठा करणाऱ्या हातांना बांबूचे वय कोयत्याच्या टिचकीवरून कळत होते. थरांच्या आधुनिक भुजेलाही पहिला पारखी तोच लागतो, आणि त्याने बाजूला काढून ठेवलेल्या कामठीवरच काचेचे कवच चढते.